शूर शिपायाचा संसार

‘व्हिक्टोरिया क्रॉस’ म्हटलं की आपल्याला आपले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आठवतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले हे दोघे मराठा वीर. ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं हे सगळ्यात मोठं पदक. दिसायला अगदी साधं, काळपट ब्राँझचा एक क्रूस, बस्स. सोनं नाही, चांदी नाही. १९११ सालापर्यंत तर हिंदी शिपायांना ते मिळतही नसे. असं पदक ज्याच्या छातीवर लागलं, त्याच्या घरी पुढे काय झालं असेल, हा विचार मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. लढाई संपते, बँड वाजतो, हार पडतात, धडा संपतो.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, नववीला इतिहास. पहिलं महायुद्ध म्हणजे कारणे लिहा, परिणाम लिहा, मोकळे झालो. पण एका मुलीनं मागे विचारलं, “बाई, ते सैनिक घरी आल्यावर काय करायचे हो?” पुस्तकात याचं उत्तर नाही. म्हणून आज ऑस्ट्रेलियातल्या एका घराची हकीकत सांगते. घर ह्यूगो थ्रॉसेल नावाच्या सैनिकाचं आणि त्याच्या बायकोचं, कॅथरिन सुझाना प्रिचर्डचं. तो लढवय्या, ती लेखिका. दोघांचीही नावं त्यांच्या देशात आजही घेतली जातात.

ह्यूगोचा जन्म १८८४ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थॅम गावचा. घर मोठं तालेवार. वडील जॉर्ज थ्रॉसेल गावचे बडे व्यापारी, १९०१ मध्ये काही महिने त्या प्रांताचे मुख्यमंत्रीसुद्धा होते. घरात चौदा मुलं! ह्यूगो त्यांतलं शेंडेफळ. घरचे त्याला ‘जिम’ म्हणत. शिकायला ॲडलेडला ठेवला, पुढे गुराढोरांच्या मोठ्या मळ्यावर काम केलं, मग थोरला भाऊ रिक आणि तो अशा दोघांनी मिळून काऊकाऊइंग नावाच्या कोरडवाहू मुलखात गव्हाची शेती केली. पाऊस दगा देई. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणदेशातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि दोघे भाऊ दहाव्या ‘लाइट हॉर्स’ पलटणीत भरती झाले. ही घोडेस्वारांची पलटण. (ऑस्ट्रेलियाचे ‘वेलर’ जातीचे घोडे आपल्याकडेही रिसाल्यांसाठी बोटींनी येत असत. जुन्या संस्थानी गावांतल्या आजोबांच्या तोंडी ते नाव असे.) ऑस्ट्रेलियात तेव्हा सक्तीची भरती नव्हती. जी पोरं गेली ती आपखुशीनं गेली. कुणी देशासाठी, कुणी धाडसाच्या हौसेनं, आणि कुणी, मला वाटतं, शेतीला कंटाळूनही. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशाचे ६०,००० हून अधिक तरुण त्या युद्धात मेले. म्हणजे बहुतेक प्रत्येक आळीत एक तरी घर असं, जिथे तार आली.

ती रात्र

तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ह्यूगो पोचला ४ ऑगस्ट १९१५ ला. घोडे मागे इजिप्तमध्येच ठेवलेले, कारण त्या कड्याकपारींत घोड्यांचं काय काम? तीनच दिवसांनी, ७ ऑगस्टच्या पहाटे, ‘नेक’ नावाच्या चिंचोळ्या खिंडीत त्यांच्या ब्रिगेडला हल्ल्याचा हुकूम झाला. समोर मशिनगन. एक रांग उठली आणि कापली गेली. दुसरी उठली, तीही गेली. तरी तिसरीला उठवलं! काही मिनिटांत दोनशेहून अधिक जवान ठार. ह्यूगो त्यातून वाचला, पण त्या हल्ल्याला तो पुढे कायम मूर्खपणाच म्हणत असे. पदक मिळण्याआधीच त्याच्या मनात काहीतरी तुटलं होतं, ते इथे.

त्याच महिन्याच्या २९ तारखेच्या रात्री ‘हिल ६०’ नावाच्या टेकडीवर त्याच्या पलटणीनं तुर्कांच्या खंदकाचा एक भाग घेतला. आता तो राखायचा होता. एकाच खंदकात इकडे हे, तिकडे ते, आणि मध्ये वाळूच्या पोत्यांचा बांध. ते हातबाँब म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढे लोखंडी गोळे, त्यांना जळती वात. गोळा येऊन पडला की वात संपायच्या आत उचलून परत फेकायचा. रात्रभर हाच खेळ. त्या एका रात्रीत सुमारे ३,००० गोळे फेकले गेले असं सांगतात. सिड फेरिअर नावाचा एक कॉर्पोरल असाच गोळे परत फेकत होता. एक गोळा हातातच फुटला, हात गेला, आणि पुढे इस्पितळाच्या बोटीवर धनुर्वात होऊन तोही गेला. ह्यूगोला दोनदा जखमा झाल्या. मलमपट्टी करून घेतली आणि पुन्हा जागेवर गेला. पहाटे धोका टळल्यावर डॉक्टरांनी हुकूमच केला तेव्हा तो हलला. ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या महायुद्धात ‘लाइट हॉर्स’मधल्या एकाच माणसाला तो मिळाला, तो हा.

त्याला लंडनला इस्पितळात पाठवलं. तिथे मेंदूच्या आवरणाची सूज आली, अगदी मरता मरता वाचला. आणि त्याच दिवसांत त्याला कॅथरिन भेटली.

ही मुलगीही काही साधीसुधी नव्हती. जन्म फिजी बेटावरचा, तोही वादळ घोंघावत असताना. वडील वर्तमानपत्राचे संपादक. मनाच्या आजारानं खचून त्यांनी १९०७ मध्ये आत्महत्या केलेली. त्या दुःखातून सावरून ती लंडनमध्ये वार्ताहर म्हणून पोट भरत होती आणि १९१५ मध्येच तिच्या ‘द पायोनिअर्स’ या कादंबरीला बक्षीस मिळालं होतं. ह्यूगोपेक्षा ती वर्षभरानं मोठी. आपल्याकडे एवढ्यावरूनही स्थळ मोडतं! त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण लग्न काही लगेच झालं नाही. युद्ध अजून संपायचं होतं.

शीळ

या सगळ्या हकीकतीत मला सगळ्यात चटका लावणारा प्रसंग पदकाचा नाही, तो १९१७ चा आहे.

ह्यूगो बरा होऊन पुन्हा पलटणीत रुजू झाला. १९ एप्रिल १९१७ ला पॅलेस्टाईनमध्ये गाझाची दुसरी लढाई झाली. दोघे भाऊ तिथे होते. संध्याकाळ झाली, हजेरी घेतली, रिक नाही. ह्यूगो स्वतः त्या लढाईत जखमी झालेला. तरी रात्रीच्या अंधारात तो रणांगणावर सरपटत गेला आणि शीळ घालत राहिला. लहानपणी दोघे भाऊ एकमेकांना हाक मारायला जी शीळ घालत, तीच. पडलेल्या माणसांतून तो शीळ घालत फिरत होता आणि उत्तर येत नव्हतं.

रिक सापडला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी जेरुसलेम पडलं, तेव्हा तिथल्या मानवंदनेच्या तुकडीचं नेतृत्व ह्यूगोकडे होतं. फोटोत रुबाबदार दिसतो. पण ज्या माणसानं एप्रिलमध्ये ती शीळ घातली, तो डिसेंबरात मानवंदना देताना काय विचार करत असेल! कॅथरिनचाही भाऊ, ॲलन, फ्रान्समध्ये मारला गेला होता. युद्धाबद्दल त्या दोघांना एकमेकांना समजावून सांगायची गरज पडली नसणार.

२८ जानेवारी १९१९ ला मेलबर्नमध्ये दोघांनी नोंदणी लग्न केलं. मग पर्थच्या पूर्वेला, डोंगरउतारावरच्या ग्रीनमाउंट या ठिकाणी बिऱ्हाड थाटलं. मोकळी जागा, फळझाडं, घोडे. कॅथरिनला निवांत लिहिता यावं म्हणून घरापासून वेगळी, आवारातच एक लाकडी खोली करून दिली. मैत्रिणींनो, इथे मी जरा थांबते. आपल्यातल्या किती जणींना घरात लिहायला-वाचायला एक टेबल तरी स्वतःचं आहे? मी वह्या तपासते ती ओट्याच्या कडेला, एक डोळा दुधावर ठेवून. आणि शंभर वर्षांपूर्वी एका लष्करी गड्यानं बायकोला लिहायला खोली बांधून दिली. ‘वर्किंग बुलॉक्स’ आणि ‘कूनार्डू’ या तिच्या गाजलेल्या कादंबऱ्या याच संसारातल्या. १९२२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं रिक.

गावासमोरचं भाषण

लग्नानंतर सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. जुलै १९१९ मध्ये ठिकठिकाणी शांतता-दिनाचे समारंभ झाले. नॉर्थॅमनं आपल्या वीराला बोलावलं. सगळं गाव गोळा झालेलं. वडिलांचं नाव, घराण्याचा मान, छातीवर पदक. लोकांना वाटलं, विजयाच्या चार गोष्टी सांगेल, टाळ्या वाजवू आणि फराळाला जाऊ. ह्यूगोनं उभं राहून सांगितलं की युद्धानं मला समाजवादी केलं आहे, आणि युद्ध ही गोष्टच बंद झाली पाहिजे.

गाव अवाक झालं. कल्पना करा, आपल्या गावच्या पाटलाच्या, संस्थानच्या दिवाणाच्या मुलानं सत्काराच्या व्यासपीठावरून असं काही बोलावं! युद्धात ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना काय वाटलं असेल, हेही मला कळतं. आपला मुलगा काही कारणासाठी गेला, एवढ्याच आधारावर ती माणसं उभी होती. पण बोलणारा काही घरी बसून बोलत नव्हता. त्याच्याकडे बोलायचा अधिकार होता, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

पुढच्या वर्षी, १९२० मध्ये, कॅथरिननं ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. नवरा-बायको दोघांवर गावाची आणि सरकारी माणसांची नजर बसली. आपल्या मतांमुळे आपल्याला काम मिळत नाही, असं ह्यूगोला वाटत असे. “बायकोनं बिघडवला” असं म्हणणारेही असणारच. बाईला दोष देणं जगात सगळीकडे सोपं. पण तारखा पाहिल्या तर ‘नेक’ची ती पहाट त्यांच्या भेटीच्या आधीची आहे.

पैशाचं काय

आता घरखर्चाची बाजू. ती कुठल्याच वीरकथेत नसते.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवायची सरकारी योजना होती, तिच्या मंडळावर ह्यूगो सैनिकांचा प्रतिनिधी होता. काही काळ शेतकी खात्यात तात्पुरती नोकरी केली. मग जमिनींच्या खरेदी-विक्रीचा धंदा. माणूस दिलदार, हात सैल, हिशेबाला कच्चा. कर्ज काढून जमीन घ्यायची, भाव चढेल या भरवशावर. आणि १९२९ नंतर जागतिक मंदी आली. १९३२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कामगारांपैकी जवळजवळ तीस टक्के बेकार होते. अशा वेळी जमीन घेतो कोण?

मग तो सोन्याच्या शोधात लार्किनव्हिल नावाच्या ठिकाणी गेला. हसू नका, तेव्हा हजारो बेकार माणसं अशी फावडं घेऊन निघाली होती. त्याच लार्किनव्हिलमध्ये जानेवारी १९३१ मध्ये एका पोरसवदा मुलाला ‘गोल्डन ईगल’ नावानं प्रसिद्ध झालेला सोन्याचा गोळा सापडला. वजन १,१३५ औंस, म्हणजे पस्तीस किलोंच्या आसपास! एकाच्या फावड्याला असा गोळा आणि बाकीच्यांच्या फावड्याला माती. ह्यूगोच्या वाट्याला माती आली.

१९३३ मध्ये कॅथरिन काही महिन्यांसाठी परदेशी गेली, सोव्हिएत रशिया पाहायला. मागे ह्यूगोनं एक शेवटचा घाट घातला. ग्रीनमाउंटच्या जागेवर घोडेस्वारीच्या कसरतींचा मोठा खेळ भरवायचा, म्हणजे जागेचं नाव होईल, पैसा येईल. खेळ ठेवला रविवारी. आणि रविवारी तिकीट लावून करमणूक करायला तिथल्या कायद्याची बंदी! लोक आले, पाहून गेले, खर्च मात्र याच्या डोक्यावर बसला. त्याच सुमारास त्यानं आपला व्हिक्टोरिया क्रॉस गहाण टाकायचा प्रयत्न केला आणि दुकानदारानं त्याचे दहा शिलिंग सांगितले, असं म्हणतात. त्यात सोनं-चांदी नाही, हे वर सांगितलंच आहे.

घरात नवऱ्यानं केलेल्या कर्जाचा खरा आकडा बायकोला सगळ्यात शेवटी कळतो. हे मी ऑस्ट्रेलियाचं सांगत नाही, आपल्या बिल्डिंगमधलं सांगते. “तुला कशाला उगाच काळजी” हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, खोटं नसतं. पण काळजी वाटून घेतली नाही तर ती कमी होत नाही, एकाच माणसाच्या मानेवर बसते. आणि इथे ती मान आधीच जखमी झालेली होती.

१९ नोव्हेंबर १९३३ ला ह्यूगो थ्रॉसेलनं ग्रीनमाउंटच्या घरी आपलं जीवन संपवलं. वय एकोणपन्नास. मागे त्यानं लिहून ठेवलं होतं, त्याचा आशय असा की १९१४–१८ च्या अनुभवांतून मी कधी बरा झालोच नाही, तेव्हा माझ्या बायको-मुलाला युद्धाचं निवृत्तिवेतन मिळावं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकले नाही. त्यानं हिशेब मांडला होता. आपण जिवंत असलो तर कर्ज, गेलो तर पेन्शन. हिशेबाला कच्चा असलेल्या माणसानं आयुष्यभरात एकच हिशेब पुरा मांडला आणि तोही चुकला, कारण त्या बाईला आणि अकरा वर्षांच्या त्या पोराला पेन्शन नको होती, तो हवा होता. पण असा हिशेब ज्याच्या डोक्यात घोळतो त्याला त्या क्षणी हे दिसत नाही. तो भित्रा होता असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. हिल ६० वर रात्रभर उभा राहिलेला माणूस होता तो. त्याला आजार होता आणि त्या काळी त्याला धड नावही नव्हतं. ‘शेल शॉक’ हा शब्द होता, पण तो खंदकातून थरथरत आलेल्यांसाठी. पंधरा-अठरा वर्षांनी, घरात, आवारात, बिलं चाळताना माणूस त्यानंच मरू शकतो हे कोणी मानत नसे. युद्धाच्या आघातानं मनाला होणारा हा दीर्घ आजार डॉक्टरांच्या पुस्तकात आजच्या नावानं आला तो १९८० मध्ये.

आपल्या माहितीत कोणी माणूस, मग तो फौजी असो की नसो, “मी नसलो तर तुमचं बरं चालेल” असं बोलू लागला, तर ते बोलणं थट्टेवारी नेऊ नका आणि “असं अभद्र बोलू नये” म्हणून गप्पही करू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडे घेऊन चला. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात आता लाज बाळगायचं कारण उरलेलं नाही.

कॅथरिन हजारो मैल दूर होती. लष्करी इतमामानं त्याला पर्थच्या काराकाटा दफनभूमीत पुरलं. बँड, मानवंदना, सगळं. पण तिच्या मनात आणखी एक काटा रुतला. जाण्यापूर्वी ती एक कादंबरी लिहीत होती, ‘इंटिमेट स्ट्रेंजर्स’. युद्धावरून आलेला नवरा, त्याची बायको आणि त्यांच्यातलं वाढत गेलेलं अंतर. त्या कच्च्या खर्ड्यात शेवटी नवरा आत्महत्या करतो, असं तिनं लिहिलं होतं. आणि तो खर्डा घरातच होता. त्यानं तो वाचला तर नसेल? त्याला ते आपलंच चित्र वाटलं तर नसेल? या प्रश्नानं तिला पुढे कधी सोडलं नाही. १९३७ मध्ये कादंबरी छापली तेव्हा तिनं शेवट बदलला. पुस्तकातला नवरा जगला.

तिनं पुन्हा लग्न केलं नाही. त्याच घरात राहिली, त्याच खोलीत लिहीत राहिली. सोन्याच्या खाणींवरच्या तीन मोठ्या कादंबऱ्या तिनं १९४६ ते १९५० या काळात, साठी ओलांडून प्रसिद्ध केल्या. तिची राजकीय मतं सगळ्यांना पटतील असं नाही. मला स्वतःला रशियाबद्दलचा तिचा भाबडा विश्वास पटत नाही. पण बाई मोडली नाही. १९६९ मध्ये पंचाऐंशीव्या वर्षी गेली.

मुलगा रिक परराष्ट्र खात्यात गेला. आईच्या मतांमुळे त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. आरोप कधी सिद्ध झाला नाही, पण बढत्या अडल्या त्या अडल्याच. त्यानं आईचं चरित्र लिहिलं आणि १९८९ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘माय फादर्स सन’, म्हणजे ‘माझ्या बापाचा मुलगा’.

आणि पदकाचं काय झालं? दहा शिलिंगांना मागितलेला तो व्हिक्टोरिया क्रॉस रिकनं १९८३ मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेला देऊन टाकला. विका आणि पैसे कामाला लावा, म्हणून. तो विकत घेतला माजी सैनिकांच्या संघटनेनं आणि कॅनबेराच्या युद्धस्मारकाला भेट दिला. आज तो तिथे काचेआड आहे. ग्रीनमाउंटच्या घरात आता लेखकांसाठी केंद्र चालतं. लिहिणाऱ्या बायका-पुरुष तिथे येऊन राहतात, आणि आवारातली ती खोली अजून उभी आहे.